शेऱ्याची चिठ्ठी

पुस्तकं गोव्याहून येतात, किलोवर.
परदेशी माणसं हॉटेलात सोडून जातात ती.
चोर्ल्याचा घाट चढून शहापुरात उतरतात
आणि सिद्रायमामा वाचनालयाच्या मागच्या खोलीत
पोतं उलटं करतात, बटाट्याचं करावं तसं.
पानांत वाळू असते. एकदा बोटीचं तिकीट निघालं.

माझं काम चिठ्ठीचं.
शेवटच्या पुठ्ठ्याला आतून डकवायची,
कारण आया काउंटरवर येऊन विचारतात,
"पोरगी हे वाचूलालीय, ह्यात काय वाईट नाही न्हवं?"
मग मी लिहिते:
चुंबन – एक, पान दोनशे अकरा, पावसात.
रक्त – भरपूर, पण बहुतेक हरणाचं.
नायक – एकशे चार वर्षांचा, अजून बारावीत.
तारे – दोन.

वय माझं त्रेचाळीस.
मी वाचलेत तितके लांडगे जांबोटीच्या रानात नसतील.
पौर्णिमा मला कॅलेंडर न बघता कळते.
बोलावल्याशिवाय ते उंबरा ओलांडत नाहीत, हे पाठ आहे,
आणि पंख फुटताना शर्ट फाटतोच, हेही.
नायिकेला आई नसते,
असलीच तर रात्रपाळीला.
(ही तक्रार मी सात चिठ्ठ्यांत केली आहे.
उत्तर कोण देणार?)

मग ते निळ्या कव्हरचं आलं.
धुक्यातली शाळा. तळ्यात बुडालेली मुलगी
सोमवारी परत वर्गात येऊन बसते,
कुणाला दिसत नाही. संपलं.
मी लिहिलं: फार संथ.
तीनशे पानं एक मुलगी बाकावर बसून आहे.
भूत असून कुणाला घाबरवत नाही.
तारा – एक, तोही कव्हरला.

पुस्तक परत आलं तेव्हा चिठ्ठीखाली
पेन्सिलीत चार ओळी होत्या, कन्नडमध्ये.
मला कन्नड येतं ते बसच्या पाटीपुरतं:
येळ्ळूर, सांबरा, वडगाव.
तेवढ्याच अक्षरांना धरून धरून
एकेक उच्चारत गेले, ओठ हलवत, पहिलीतल्या पोरासारखी,
आणि तोंडातून बाहेर पडली
मराठी.
आपलीच, घरातली, न विंचरलेली.
फक्त अंगावर गोल गोल अक्षरं दुसऱ्यांची.

"ती भ्या दाखवत नाही, कारण तिला कोण हाकच मारत नाही.
मी बी तिसऱ्या बाकड्यावर असते.
तुम्ही लई भराभरा वाचता.
सावकाश वाचा की जरा."

रजिस्टर काढलं.
दाक्षायणी बेनके, नववी, कन्नड माध्यम,
अनामत तीस रुपये, पैकी दहा येणे.
दोन वर्षं, दर शनिवारी, सही आहे.
चेहरा आठवून बघितला.
छत्री आठवली, मुठीला दोरा गुंडाळलेली.
खाकी कव्हरं आठवली, नीट घातलेली.
छत्रीच्या वर काही आठवेना.

त्या रात्री वडगावात लाईट गेली,
गल्लीतले माग एकदम थांबले
आणि कान दुखतील इतकी शांतता झाली.
बॅटरी धरून पुन्हा वाचलं.
पान एकशे अठ्ठ्याऐंशी: ती मुलगी
खिडकीच्या वाफेवर आपलं नाव लिहिते
आणि कुणी बघायच्या आत स्वतःच पुसते.
पहिल्यांदा हे पान मी ओलांडलं होतं.
चुंबन शोधत होते.

तारा मी वाढवला नाही.
मधली साठ पानं खरंच लांबलीत, खोटं का लिहू?
फक्त खाली जोडलं:
पेन्सिलीतलं अवश्य वाचावं.
अक्षरं लागत नसतील त्यांनी काउंटरवर यावं,
वाचून दाखवलं जाईल.

शनिवारी पाचच्या सुमाराला दार करकरलं.
दोरा गुंडाळलेली छत्री आधी आत आली.
"दाक्षायणी," मी म्हटलं,
तिनं पुस्तक ठेवायच्या आधी.

ती थांबली.
आणि मागं वळून बघितलं तिनं,
कुणाला हाक मारली म्हणून.