दहाचं तांबं, सोळाचं अॅल्युमिनियम

बाना कपेम्ब्वा मला विचारतात,
"कुठली घेऊ?"
फळीवर दोन रिळं, शेजारी शेजारी,
एक लालसर, एक राखी.
दुकानदार न्गांडू कॅल्क्युलेटर पालथा घालून ठेवतो.
बेरीज आधीच हरलेली, हे त्याला माहीत आहे.

हे मुफुलिरा.
इथं पायाखाली तांबं, छातीत तांबं,
वारा फिरला की भट्टीचा धूर गल्लीत उतरतो,
आम्ही त्याला सेंटा म्हणतो
आणि वाळत घातलेले कपडे धावत आत घेतो.
बानांचा नवरा एकतीस वर्षं त्या भट्टीपाशी उभा राहिला.
घरात कंदील.
दिव्याखाली अंधार म्हणतात,
इथं दिवाही नव्हता.

पत्रे ट्रकवर चढून जातात,
भाव लंडनला ठरतो,
आणि बानांकडे एक हजार चारशे क्वाचा
रुमालात, रुमाल पिशवीत, पिशवी पोटाशी.

मी सांगते, जसं ट्रेड स्कूलमध्ये मला सांगितलं:
अॅल्युमिनियम वाईट नाही.
हलकं, स्वस्त, खांबावरून खांबावर तेच धावतं.
फक्त जाड घ्यावं लागतं,
दहाच्या तांब्याला सोळाचं.
आणि त्याची एक खोड आहे,
तापलं की पसरायचं, निवलं की आखडायचं,
दर वेळी स्क्रूखालून केसभर निसटायचं.
एक दिवस फट.
फटीत ठिणगी.
अंगावर धरते ती पांढुरकी साय
विजेला वाट देत नाही.

"पण पातेली तर माझी सगळी ह्याचीच," बाना म्हणाल्या,
"न्शिमा त्यातच शिजते. एकही पेटलं नाही अजून."
ह्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.
न्गांडू हसला. मग मीही.

तेव्हा त्यांनी पिशवीतून एक तुकडा काढला,
तळहाताएवढा, खरबरीत, जड,
कुठल्याशा पत्र्याचा कोपरा.
घरी कसा आला ते त्यांनी सांगितलं नाही,
मीही विचारलं नाही.
"मुकुबा," त्या म्हणाल्या. "ह्याची तार निघेल?"

नाही निघत, बाना.
पुन्हा भट्टी लागते, मग कांडी,
मग एकाहून एक बारीक भोकांतून
ओढत न्यावं लागतं.

"तो तर म्हणायचा, आम्हीच करतो सगळं."

न्गांडूनं तुकडा तराजूत घातला नाही.
हातात घेतला, वजन अजमावलं, परत दिला.

शेवटी ठरलं,
म्हणजे त्यांनीच ठरवलं, मी नुसती पेन्सिल धरली:
खांबापासून मीटरपर्यंत अॅल्युमिनियम.
तिथं मध्ये एक वेगळा सांधा,
कारण ह्या दोघांची थेट सोयरीक चालत नाही,
ओल आली की एक दुसऱ्याला खातं.
पुढं तांबं.
चुलीपाशी एक दिवा, एक सॉकेट.
बसायच्या खोलीत एक दिवा.
कागदावर पाच जागा होत्या, तीन उरल्या.

"आणि मागची खोली?"
"ती मुलाची. सोल्वेझीहून आला की बघू."
तिकडं नवी खाण आहे.
दोन वर्षं झाली त्याला.

मागच्या खोलीत मी नळी तेवढी बसवली,
उरलेलीच होती, पैसे लावले नाहीत.
आत तार नाही.
एक नायलॉनचा दोरा,
दोन्ही टोकांना खिळ्याला गाठ मारलेला,
पुढं कुणी तार आणली तर
तिला बांधून ओढून घ्यायला.

संध्याकाळी बटण दाबलं.
बाना दिव्याकडे बघेनात,
भिंतीकडे बघत राहिल्या:
कंदिलानं किती काळी केलीय,
आज दिसलं.

आठ वाजता अख्ख्या गल्लीची वीज गेली,
रोजच्यासारखी.
मी चाचपडत पक्कड शोधत होते
तेव्हा मागच्या खोलीतून आवाज आला, सर्र, मग पुन्हा सर्र.
त्या दोरा ओढून बघत होत्या,
सुटत तर नाही ना.