आक्षेप क्रमांक चौदा

लेखापरीक्षक साहेब,
आपण लाल शाईनं विचारलंत :
संघ अंतिम सामन्यात पराभूत झाला असताना
भोजनखर्च रुपये दोन हजार तीनशे चाळीस
कोणत्या नियमान्वये?

उत्तर जरा लांबलंय.

क्रीडाशिक्षकाचं पद तीन वर्षं रिक्त.
प्राचार्य म्हणाले, रेडकरबाई, तुम्हीच जा मॅनेजर म्हणून,
तिथं सहीच तर करायची असते.
मी गेले. पर्समध्ये स्टेपलर, गुडघ्याला पट्टा,
समोर अठरा मुलं आणि बुटांचे जोड बारा.
बदली खेळाडू आत जायचा
तेव्हा बाहेर येणारा रेषेवर बसून आधी नाड्या सोडायचा.
(आपल्या नियमपुस्तिकेत याला काय म्हणतात?)

पहिला सामना क्रॉस मैदानात. चार-शून्य.
शेजारच्या क्रिकेटमधला एक फिल्डर
अख्खा पूर्वार्ध आमच्या गोलपाशी उभा होता,
आमच्या बचावफळीपेक्षा त्यानंच जास्त बॉल अडवले.
दुसरा सामना एक-एक.
तिसरा एका गोलानं जिंकलो, कसा ते विचारू नका,
मी तेव्हा बर्फवाल्याशी पावतीवरून भांडत होते.

ऑफसाइड मला अजून कळलेलं नाही.
पण गोलफरक पहिल्याच दिवशी कळला :
जमा वजा नावे.
केळ्यांच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर हिशेब मांडला,
अफ्फानला म्हटलं, बाळा, शेवटच्या सामन्यात तीन हवेत.
दोन चालणार नाहीत.
चीता कॅम्पचा हा अफ्फान मुकादम, कॅप्टन,
इकॉनॉमिक्समध्ये दोनदा नापास,
पुठ्ठा उलटासुलटा करून म्हणाला,
मॅडम, क्लासमध्ये असं कुणी सांगितलंच नाही.
तिसरा गोल एक्क्याऐंशीव्या मिनिटाला.
पुठ्ठा त्यानं मागून घेतला,
सबब सोबत जोडता येत नाही.

मग बाद फेरी.
समोर बांद्र्याचं कॉलेज,
मोज्यांपासून बाटल्यांपर्यंत एकच निळा रंग,
स्वतःचा फिजिओ, स्वतःची छत्री.
आमच्या प्रणीलनं डोक्यानं एक मारला.
गोल झाला, डोकं फुटलं,
टाके तीन, व्हाउचर एकोणीस.

उपांत्य सामना कलिन्याच्या मैदानावर,
विमानं इतकी खालून की शिट्टी ऐकू येईना.
पेनल्टीवर गेलं सगळं.
गोलात जिग्नेश वैती, ट्रॉम्बे कोळीवाड्याचा,
पहाटे बापाबरोबर जाळं ओढून आलेला,
ग्लोव्ह्जच्या आत तळहात चिरलेले.
मी पाठ फिरवली.
ताळेबंद जुळेना की खिडकीकडे वळते ना, तशी.
इथं खिडकी नव्हती, कुंपण होतं,
आणि कुंपणापलीकडून एक रिक्षावाला
मला बोटांनी सांगत होता :
त्यांचे चार. आपले चार.
मग पुढची पाच मिनिटं वाटावीत एवढा वेळ
तो हात तसाच धरून उभा.
मग मूठ वळली, आणि वर गेली.

अंतिम सामन्याचं काय सांगू.
एक-शून्य, तोही आपल्याच पोराच्या पायाला लागून.
त्याचं नाव मी कुठल्याच कागदावर लिहिलेलं नाही,
इथंही लिहीत नाही.
तो मैदानातच बसून राहिला, नखानं चुना खरवडत.
बाकीचे सतरा एकेक करून
त्याच्या शेजारी जाऊन बसले.
बोललं कुणीच नाही.
वॉचमननं अर्धे दिवे घालवले, मग उरलेले.
साडेआठ वाजले होते, साहेब,
मला एवढंच सुचलं :
पोरांनो, भूक लागली असेल ना?

नियम सापडत नाही.
रक्कम माझ्या पगारातून वळती करावी, हरकत नाही.

आणखी एक, आपल्या नजरेतून सुटलेलं :
बॉल एक, अर्धी हवा,
साठा नोंदवहीत चढवलेला नाही.
माझ्या टेबलाखाली आहे.
दुपारी पावत्या लावताना त्यावर पाय ठेवते.
गुडघ्याला बरं वाटतं.