खळं

सव्वीस वर्षं मी या विभागात मारायचं काम करतो.
एकशे एकवीस अंश, पंधरा मिनिटं.
ऑटोक्लेव्हच्या पिशवीवरल्या टेपला
काळे पट्टे उमटले की समजायचं,
आतलं सगळं गेलं.
चांगलं कोण, वाईट कोण,
वाफ विचारत नाही.
मीही विचारत नव्हतो.

मगदूम मॅडम आल्या
आणि नव्या वहीत दोन रकाने पाडले :
हानिकारक. उपयुक्त.
मधली रेघ पट्टीनं, लाल शाईत.

मलकाप्पा व्हटकरांच्या हौदावर
नमुना घ्यायला गेलो, बर्फाची पेटी माझ्या खांद्याला.
एका हौदात बाभळीची साल, हिरडा.
दुसऱ्यात केसांसकट भिजत पडलेलं म्हशीचं कातडं,
आणि असा वास की
मॅडमनी मास्क वर ओढला,
मग म्हाताऱ्याला वाईट वाटेल म्हणून काढून खिशात घातला.
"आज रातीला काढायचं," तो म्हणाला,
"केस सुटत्यात. उद्यावर गेलं तर कातडंबी सुटतंय.
किडं त्येच, बाई. रात येगळी."

मॅडमनी वही उघडली.
पेन बरोबर रेघेवर टेकलं,
आणि तिथंच शाईचा ठिपका
वाढत राहिला.

हौदातले एकेक थाळीवर वाढवले.
पावसाळ्यात चपलांच्या गठ्ठ्यांवर चढते
ती काळी बुरशी त्यांच्यावर सोडली.
सोळा जणांना तिनं गिळलं.
सतराव्यापासून बोटभर अलीकडे थांबली.
त्याच्याभोवती स्वच्छ, आरपार कडं :
पुनवेच्या चंद्राला पडतं तसं खळं.
मॅडमनी थाळी खिडकीकडे धरली
आणि मला म्हणाल्या, "बघा हो, तुम्हीपण बघा."
सव्वीस वर्षांत असं कुणी म्हटलं नव्हतं.

नाव पडलं के-सतरा.
के कोल्हापूरचा की कातड्याचा,
विचारायचं राहून गेलं.

मग त्याचे लाड सुरू झाले.
स्वतंत्र नळी, साखर, ऊब,
दर पंधरवड्याला ताजं आगर,
शेजारपाजार नाही, वास नाही, म्हैस नाही.
चौथ्या महिन्यात खळं नखाएवढं उरलं.
सहाव्यात मिटलं.
बुरशी त्याच्या अंगावरून
चालत गेली, बाजाराला निघाल्यासारखी.
मॅडमनी आगर बदललं, इनक्युबेटरवर चिडल्या,
मला दोनदा विचारलं, नळ्या नीट धुता ना?
धुतो. नीट धुतो. तेच तर करत आलो.

म्हातारा नातवाच्या गाडीवरून आला,
काय निघालं ते ऐकायला.
अहवाल हातात घेतला आणि परत दिला.
नळी मागितली. बोळा काढू दिला नाही,
तरी नाक नेलंच जवळ.
"ह्यो आमच्यातला न्हाई."
"तुमच्याच हौदातला आहे, आजोबा."
"मग एकटा ठेवलाय व्हय?
एकटा कुणासंगं भांडंल?"

मॅडम हसल्या. पण त्या दिवशी
रात्री नऊपर्यंत दिवा चालू होता.
एकाच थाळीत दोघं, बोटभर अंतर ठेवून :
नळीतला लाडका, आणि ती काळी.
असं दहा पिढ्या, शेजारी शेजारी.
महिना गेला, मग एका सोमवारी
खळं होतं. बारीक, थरथरतं,
पण होतं.

त्याच्या आतलं काहीतरी झोपलं होतं, मॅडम म्हणाल्या,
शत्रूच्या चाहुलीनं जागं झालं.
हल्ली इतर ठिकाणीही असं सापडतंय म्हणे.
मला एवढंच कळलं की
वहीतली लाल रेघ त्यांनी खोडली नाही.
के-सतरा आडवं लिहिलं,
अर्धं इकडं, अर्धं तिकडं.

संध्याकाळी जुन्या थाळ्या माझ्याकडे आल्या,
दोघं एकाच पिशवीत.
झाकण आवळलं. काटा चढला.
टेपवर पट्टे उमटले.
हात धुतले, कोपरापर्यंत,
आणि नळाखालीच
थोडा वेळ
नखांकडे बघत उभा राहिलो.