धूळ

अँटवर्पला, रेल्वेच्या कमानींसमोर
आमच्या धंद्यात कागद नसतो.
हातात हात, "मझल" एवढा एक शब्द,
आणि लाखमोलाचा खडा दुसऱ्याच्या खिशात.

झेलिगबद्दल मी काही बोललो नाही.
चौकशीला आलेल्याला एवढंच म्हणालो,
"झेलिग ना? जाऊ दे. मी कशाला तोंड उघडू?"
आणि चिमट्यातला हिरा
उगाच दिव्याखाली फिरवत राहिलो.

हिवाळ्यापर्यंत त्याच्या हातात कुणी हात देईना.

जाणते सांगून गेलेत: जिभेला दोन तट घातलेत,
एक हाडाचा, एक मांसाचा.
आणि न बोलता जे सुचवलं जातं
त्याला ते म्हणतात निंदेची धूळ.
मी तीस वर्षं चाकावर बसतोय.
हिऱ्याला हिऱ्याचीच धूळ कापते,
तेलात कालवलेली, काजळासारखी.

योम किप्पूरच्या आदल्या दुपारी त्याचा जिना चढलो.
देवाचं देणं देव सोडतो,
माणसाचं माणसाच्या दारातच फेडावं लागतं.
ब्राइनाने दार उघडलं.
भिंतीवर घड्याळाची गोल, फिकट जागा तेवढी उरली होती.
"झेलिग, मी..."
त्याने हात वर केला.
"कशाबद्दल ते सांगू नकोस.
उद्या दिवसभर तुझ्याच शेजारी उभं राहायचंय मला."
मग प्रथेप्रमाणे तीनदा म्हणाला: माफ.
तिसऱ्यांदा जरा हळू.

खाली कोपऱ्यावर मेंडेल भेटला.
"झेलिगकडे? काय विशेष?"

अजून शोधतोय मी
त्याला द्यायचं उत्तर,
ज्याची धूळ उडणार नाही.