आक्षेप क्रमांक चौदा

परभणीत, जिंतूर रोडला,
बंद पडलेल्या जिनिंगच्या गोदामात
सरकारनं आवाजाचं केंद्र उघडलं.
बाहेर बोर्ड: सर्जनशील उद्योगांसाठी कृत्रिम बुद्धिमत्ता, टप्पा एक.
आत गाद्या ठोकलेल्या भिंती,
काचेपलीकडं एक मायक्रोफोन,
काचेअलीकडं अकरा महिन्यांच्या करारावर मी.
सरकीचा वास अजून जात नाही.

दस्तगीर तांबोळी पहिल्याच आठवड्यात आले.
तीस वर्षं रिक्षावर भोंगा बांधून
गावाला गाव सांगत फिरलेला माणूस:
साड्यांचा सेल, डोळ्यांचं शिबिर,
दहा दिवसांनी येणारं पाणी अकराव्या दिवशी येईल,
अमक्यांची मयत जोहरनंतर.

हेडफोन उलटसुलट करत म्हणाले,
"माझाच आवाज मला कामून ऐकवायलाव?"

समजावलं मी. तासाला आठशे रुपये.
या आवाजावर यंत्र शिकेल,
मग नाटकवाले, जाहिरातवाले, गोष्टी वाचून घेणारे
इथल्या बोलीला इथंच विचारतील.
"पैसा कोणाचा?"
सरकारचा. म्हणजे सगळ्यांचा.
"मंग माझा पण."
हो. चहापत्तीवर कर भरता ना.
"म्हंजे मीच मला विकत घ्यायलो."
हसले आणि बसले खुर्चीत.
"लावा मशीन. बनी तो बनी, नहीं तो परभणी."

दोन हजार वाक्यं पुण्याहून लिहून आली होती.
'आज हवामान आल्हाददायक आहे.'
एप्रिल होता. रेकॉर्डिंगसाठी कुलर बंद.
त्यांनी आल्हाददायक तीनदा म्हटलं, तिन्हीदा
पन्नास टक्के सूट असल्यासारखं.
मी तिसरं ठेवलं.

सातशे बारावं वाक्य: एक मुलगा हरवला आहे.
इथं त्यांनी कागद मांडीवर पालथा घातला.
"निळी चड्डी, पांढरा शर्ट, डाव्या हातात कडं,
नाव विचारलं तर फक्त पिंट्या सांगतो..."
आणि थांबले.
मी काचेतून बोट फिरवलं, चला पुढं.
ते हात वर धरून थांबलेलेच.
पडद्यावरची हिरवी रेघ आडवी पडली.

नंतर बाहेर चहा पिताना म्हणाले,
पोराचं सांगितलं की रिक्षा बंद करावी लागती बाई,
इंजिन पण.
एखादी गच्चीवरून वरडती, इथंय म्हणून.
चालत्या गाडीत ऐकू येत नाही.

आता यंत्र बोलतं. चांगलं बोलतं.
'कामून' म्हणतं, 'यायलंय' म्हणतं,
उद्घाटनाला पाहुण्यांचं स्वागत त्यानंच केलं.
मागच्या रांगेत दस्तगीरभाई
शेजारच्याला म्हणाले,
"पोरगं हुशार आहे. घाई लई करतंय."

माझ्या कराराचे नऊ दिवस उरलेत
आणि लेखापरीक्षकांचा कागद टेबलावर आहे.
आक्षेप क्रमांक चौदा:
फाईल सातशे बारा, एकोणीस सेकंद ध्वनी आढळत नाही,
तरी मानधन अदा.
वसूलपात्र रक्कम रुपये चार, पैसे बावीस.
खुलासा तीन दिवसांत.

'उपरोक्त विषयास अनुसरून' इतकं लिहून झालंय.

फाईल परत लावते.
"...फक्त पिंट्या सांगतो."
पंखा बंद करते.
मोबाईल पण.