टाचणीच्या पुढची जागा

आर्वेद फळीवर पोटावर झोपतो.
अंगाखाली गोणपाट, कोपरं शेवाळात बुडालेली.
मी मागे पांढरा पुठ्ठा धरून उभी,
उजेड जरासा वळवायचा, बाकी बोलायचं नाही.
सोओवेरेच्या दलदलीत जूनमध्ये पहाटे चारला लख्ख दिवस असतो.
डास मात्र रात्रपाळीचेच.

त्याच्यापुढे वीतभर जमीन.
वीतभरही नाही, चार बोटं.
दवबिंदूचं एक पान, लालसर, केसाळ,
केसाकेसाच्या टोकाला चिकट थेंब
आणि त्यावर अडकलेली निळी टाचणी.
तिचा एक पंख अजून मोकळा.

"श्वास रोख," तो म्हणतो.
मला की तिला, कळत नाही.

चाळीस वर्षं या माणसानं इथलंच पीट कापलं,
यंत्रावर बसून, सरळ रेषेत,
विटांसारख्या विटा, रांगेनं वाळत घातलेल्या.
काटकोन त्याच्या नजरेतच मुरलाय.
भाकरीचा तुकडासुद्धा तो सुरीनं चौकोनी करून खातो.

संध्याकाळी ग्रंथालयात, माझ्या संगणकावर,
तो चित्राच्या कडा आत ढकलत जातो.
गवत गेलं. वाळकी काडी गेली.
डावीकडचा धूसर पांढरा डाग गेला
(तो माझा पुठ्ठा होता).
"अजून," तो पुटपुटतो, "अजून थोडं,"
शेवटी टाचणीचं डोकं कडेला टेकतं,
उशिरा आलेलं पोर वर्गाच्या दाराला टेकावं तसं.

आर्वेद, ती बघतेय तिकडे जागा सोड.
"ती कुठे जाणार आहे?"
म्हणूनच सोड.

बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज.
मग तो कड दोन बोटं मागे घेतो,
उसने पैसे परत केल्यासारखा.

अकरा वर्षांत त्याच्या एकाही चित्रात चर आलेला नाही.
दलदलीचं पाणी काढून नेणारा तो लांब, काळा, सरळ चर,
त्याच्याच यंत्रानं खणलेला.
कॅमेरा जरा खाली, जरा तिरका,
नाहीतर नंतर कात्री.
लोक म्हणतात, काय अस्पर्श जागा आहे हो तुमची.
तो मान हलवतो. हो की नाही, ते ज्याचं त्यानं ठरवावं.

त्या रात्री मी सहज चित्र मोठं केलं,
पंखाच्या शिरा मोजायला.
पानाच्या टोकाला खसखशीएवढा एक थेंब.
त्यात आभाळ खाली, जमीन वर,
आणि मधोमध आडवा, केसाएवढा, तो चर.
पलीकडे बंद कारखान्याची उलटी चिमणी.
अलीकडे एक काळा गोळा, पोटावर झोपलेला,
आणि एक बाई,
डोक्यावर उभी, हातात पांढरं काहीतरी.

मी खुर्ची त्याच्याकडे सरकवली.
त्यानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.
थेंब कापायचा तर पानाचं टोक जातं.
पानाचं टोक गेलं तर टाचणी कशावर बसलीय?
बोट कळीवर तसंच राहिलं.
"छाप," म्हणाला, "आहे तसं."

पालिकेनं दिलेल्या चौकटी सगळ्या एका मापाच्या,
आतला पुठ्ठा नेमका त्या थेंबावर येत होता.
खिशातल्या चाकूनं त्यानं भोक मोठं केलं.
डावीकडची बाजू वाकडी झाली.
ती त्यानं तशीच राहू दिली,
मी दोनदा पट्टी पुढे केली तरी.

शनिवारी गिरणीवाल्याची लेक आली, रोझी,
काचेला नाक लावून उभी.
"ही सुटली का?"

आर्वेदनं माझ्याकडे बघितलं.
कॅमेरा बाजूला ठेवून त्यानं गवताची काडी पुढे केली होती,
हात थरथरत होता, मी पुठ्ठा खाली टाकला होता.
एक पाय पानावरच राहिला.
पाच पायांनिशी ती उडाली, कलत कलत,
चराच्या दिशेनं.

"उडाली," तो म्हणाला. पायाचं काही बोलला नाही.

चित्राखाली नावाची चिठ्ठी लावायची राहिली होती.
ती मी चिकटपट्टीनं लावली.
डबीत टाचण्या होत्या भरपूर.