तेरा अंश

मे महिन्यात सावद्याला वॉश लागत नाही.
ब्रश कागदाच्या अर्ध्यावर पोचेतो
मागचं आभाळ वाळून खडखडीत,
आणि मधोमध एक कडक रेघ,
जणू आभाळ घडी घालून ठेवलं होतं कुणी.

म्हणून रात्रपाळीला बोर्ड घेऊन जातो,
चार नंबरच्या खोलीत.
बाहेर रात्री अकराला अडतीस,
आत तेरा.
तेराच्या खाली केळी काळी पडतात,
फार वर गेलं तर वाटेतच पिकतात.
मला एवढा काटा सांभाळायचा असतो,
बाकी रात्र माझी.

स्वेटर, माकडटोपी, उलटा क्रेट.
एका वाडग्यात पाणी, दुसऱ्यातही पाणी.
कागद दोन्ही अंगांनी भिजवला
की इथे तो अर्धा तास ओला राहतो.
कोबाल्ट सोडला की पसरत जातो सावकाश,
हिरव्या केळ्यांच्या तुरट वासात.

बर्फ मी पाहिलेला नाही.
आमची केळी जम्मूच्या पुढे जातात,
मी मनमाडच्या पुढे गेलो नाही.
मला ठाऊक आहे ते गॅस कमी झाला की
कॉइलवर साचणारं हिंव,
जे मी पत्र्याच्या तुकड्यानं खरवडतो.
त्याच्यावरून एक कळलं:
पांढऱ्याची सावली काळी नसते.
निळी असते,
आणि ट्यूबलाइट फडफडली की क्षणभर जांभळी.

फालक सर म्हणायचे,
"लोटू, ती पांढरी ट्यूब विहिरीत टाक.
बर्फ लावायचा नसतो. बर्फ सोडायचा."
वीस वर्षं सोडायला शिकतोय.
कोरी जागा दिसली की हात शिवशिवतो.
वाटतं, लोक म्हणतील
याचं अर्धवटच राहिलं.

झाडं कुठून आणायची?
देवदार काढले दोनदा,
दोन्हीदा लग्नाच्या मांडवाचे खांब वाटले.
मग पालच्या रस्त्यावरची सालई आठवली,
उन्हाळ्यात पानं गाळून उभी असतात ती झाडं,
कागदासारखी साल सुटलेली.
आणि एक अंजन, वाकडा.
खोडांना बर्न्ट सिएना,
फांदीच्या वरच्या कडेला काहीच नाही.
हातभर फांदीवर नखाएवढं काहीच नाही.
झालं. सातपुड्यावर बर्फ पडला.

तेवढ्यात वरच्या पाइपातून एक थेंब
नेमका ओल्या आभाळात.
रंग मागे सरला, कडा फुटल्या,
फुलकोबीसारखा डाग उमटला झाडांच्या डोक्यावर.
टिपायला फडकं शोधेपर्यंत बसलाही.
मी शिवी दिली.
बंद खोलीत ती मलाच ऐकू आली दोनदा.

पहाटे खुमसिंग गाडी भरायला आला.
डोक्यावरचा क्रेट न उतरवता
बोर्डापाशी थांबला.
"ही आमच्याकडची सालई."
"हो."
"आणि हे सगळं मीठ?"
"बर्फ."
"बर्फ," म्हणाला, आणि विचारात पडला.
"मग एवढ्या गारठ्यात सरपण कुठून आणत असतील?"
मला हे कुणी विचारलं नव्हतं.
फालक सरांनीही नाही.
तोच पुढे बोलला, हनुवटीनं डाग दाखवत,
"आणलं असेल पण. धूर निघतोय.
मागं घर आहे ना?"

मी म्हणालो, आहे.

दार उघडलं तसा उकाडा आत घुसला.
कागद पापडासारखा वळायला लागला,
चार चिमटे लावून मी तो धरून ठेवला.
गाडी भरत होती. क्रेट मोजायचे होते माझे.
मी सालईच्या खोडांमधून
आत, धुराच्या खाली बघत राहिलो.
घर असेल तिथे.
तिथवर जायला वाट
मी सोडलीच नव्हती.